मुंगीसाठी मॅक्रो लेन्स घेताना ‘एक्स’ नंतर बघा, अंतर आधी

सर, तुमचा प्रश्न मला समजला तो असा. सातवी-आठवीच्या मुलांना घेऊन साताऱ्याकडच्या तुमच्या शाळेच्या आवारातल्या मुंग्यांची सचित्र नोंद करायची आहे. फोन पन्नास मेगापिक्सेलचा आहे, पण त्यातल्या दोन मेगापिक्सेलच्या मॅक्रो कॅमेऱ्यानं मुंगीचा नुसता काळा ठिपका येतो. बजेट दीड हजार. बाजारात फोनच्या कॅमेऱ्यावर क्लिपनं लावायच्या १०एक्स, १५एक्स, २०एक्स, १०० मिमी, झालंच तर २००एक्स अशा मॅक्रो, म्हणजे अगदी जवळून टिपणाऱ्या, लेन्स दिसतात आणि तुमचा कल २०एक्सकडे आहे, कारण आकडा मोठा तर मुंगीही मोठी.

आधी उत्तर देतो, कारणं मागाहून. तुमच्या फोनला वेगळा टेलिफोटो, म्हणजे लांबचं जवळ आणणारा, कॅमेरा नसेल तर १०एक्सची, म्हणजे २५ मिमी फोकल लेंथची (दूरच्या वस्तूची प्रतिमा काचेपासून जितक्या अंतरावर स्पष्ट पडते ती), काचेची लेन्स घ्या. २०एक्स नको. २००एक्स तर जिवंत मुंगीसाठी अजिबात नको. १०० मिमीची लेन्स चांगली असते, पण ती वेगळ्या फोनसाठी आणि वेगळ्या विषयासाठी.

मी फोनवरच किडे-मुंग्यांचे फोटो काढतो आणि नवशिक्यांना शिकवतोही. त्यात सतत दिसणारी गोष्ट ही की मुंगी लहान दिसते म्हणून फोटो वाया जात नाहीत. मुंगी थांबत नाही, लेन्स तिच्या फार जवळ न्यावी लागते, जवळ नेली की फोनची सावली पडते, सावलीत शटर मंदावतं आणि तेवढ्यात मुंगी फ्रेमबाहेर. सगळ्या अडचणींचं मूळ काच आणि मुंगी यांच्यातल्या अंतरात आहे. म्हणून लेन्स निवडताना पहिला प्रश्न ‘किती मोठं दिसेल’ हा नाही, ‘किती लांबून टिपता येईल’ हा आहे.

आता ‘एक्स’चं गणित. क्लिपवाली लेन्स म्हणजे मुळात एक छोटं, जोरकस भिंग. भिंगांच्या जुन्या रिवाजाप्रमाणे २५० ला मिलिमीटरमधल्या फोकल लेंथनं भागलं की एक्स मिळतो. म्हणजे १०एक्सची फोकल लेंथ २५ मिमी, १५एक्सची सुमारे १७ आणि २०एक्सची साडेबारा. फोन दूरवर फोकस झालेला असताना मुंगी काचेपासून साधारण तेवढ्याच अंतरावर स्पष्ट दिसते. २०एक्स घेतलीत तर साडेबारा मिलिमीटर, त्यातही लेन्सच्या कडेची जाडी वजा करा. उरतो जेमतेम एक सेंटीमीटर. तेवढ्या जवळ काही आलं की मुंगी पळते, नाहीतर लेन्सवरच चढते.

यात एक गोम आहे. खोक्यावरचा एक्स पुष्कळदा विक्रेत्याच्या मर्जीचा असतो. खरी फोकल लेंथ घरी मोजता येते: दिवसा खोलीत खिडकीसमोरच्या भिंतीवर पांढरा कागद धरा, लेन्स कागदापुढे मागेपुढे करा आणि खिडकीची उलटी प्रतिमा सर्वात स्पष्ट कुठे पडते ते बघा. काच आणि कागद यांच्यातलं ते अंतर म्हणजे फोकल लेंथ. सूर्यावर हा प्रयोग करू नका, कागद जळेल. मुलांसाठी हा प्रकाशशास्त्राचा आयता तास आहे, तुम्ही विज्ञान शिकवत असाल तर दुहेरी फायदा.

‘किती मोठं दिसेल’ याचाही हिशेब सोपा आहे, आणि विकणारे तो कधीच देत नाहीत. बहुतेक फोनचा मुख्य कॅमेरा जुन्या फिल्म कॅमेऱ्याच्या मापात २४ ते २६ मिमीचा असतो. त्यावर क्लिप लेन्स लावली की फ्रेमची रुंदी लेन्सच्या फोकल लेंथच्या साधारण १.३ पट येते. म्हणजे २५ मिमीच्या लेन्सनं सुमारे ३३ मिमी रुंदीचा तुकडा दिसतो. त्यात दीड सेंटीमीटरचा मुंगळा जवळपास निम्मी फ्रेम व्यापतो, पण तीन मिलिमीटरची मुंगी फक्त अकरावा हिस्सा.

इथे तुमचा पन्नास मेगापिक्सेलचा सेन्सर कामाला येतो. कॅमेऱ्याच्या पडद्यावर २एक्स झूम दाबलं (हा लेन्सचा एक्स नव्हे) की बऱ्याच फोनमध्ये सेन्सरचा मधला भाग पूर्ण बारकाव्यानिशी वापरला जातो. फ्रेम निम्मी होते, म्हणजे साडेसोळा मिमीच्या आसपास, आणि अंतर मात्र तेच अडीच सेंटीमीटर राहतं. तीन मिमीच्या मुंगीला फ्रेमच्या रुंदीतल्या चार हजारांपैकी सातशेच्या आसपास पिक्सेल मिळतात. वहीत चिकटवायला, ओळख पटवायला तेवढे पुरतात. शिवाय स्वस्त लेन्सचा खराब भाग म्हणजे तिच्या कडा, आणि २एक्समध्ये त्या आपोआप बाहेर जातात. माझ्या मते ही फुकट मिळणारी दुसरी लेन्स आहे. तुमच्या फोनमध्ये २एक्स म्हणजे नुसतं चित्र ताणणं असेल तर ५० मेगापिक्सेल मोड चालू करून १एक्सवर फोटो घ्या आणि नंतर कापा. कोणता मार्ग सरस हे फोनगणिक बदलतं. दोन्ही करून एकदा शेजारी ठेवून बघा.

मग २०एक्स घेऊन आणखी मोठी का दिसू देऊ नये? कारण डेप्थ. मुंगीचा किती जाडीचा काप एका वेळी स्पष्ट येतो, ते. फोनचं अॅपर्चर, म्हणजे प्रकाश आत येण्याचं भोक, बदलता येत नाही, त्यामुळे लेन्स जितकी जोरकस तितका हा काप पातळ. फोकल लेंथ निम्मी केली की काप साधारण पाव होतो. आजच्या मध्यम आकाराच्या सेन्सरवर २५ मिमी लेन्सनं तो अर्ध्या मिलिमीटरच्या घरात असतो, २०एक्सवर दोन दशांशाच्याही खाली. मोठ्या मुंगळ्याचं डोकंच दोन-तीन मिलिमीटर रुंद असतं. म्हणजे २०एक्सवर डोळा स्पष्ट आला तर जबडा धूसर, जबडा आला तर मिशा गेल्या. मेलेल्या मुंगीचे एकामागून एक फोटो घेऊन ते जोडता येतात. चालत्या मुंगीचे नाही.

आता तुमच्या आवारात कोण आहे त्यावर बरंच अवलंबून आहे. साताऱ्याकडच्या शाळेत झाडं असतील तर मोठे काळे मुंगळे, म्हणजे कॅम्पोनोटस, हमखास सापडतील. दीड सेंटीमीटरपर्यंत जातात, सुरुवात त्यांच्यापासून करा. जमिनीवर एकट्यानं फिरणारी, अंगावर बारीक रेघांची नक्षी असलेली करडी-काळी मुंगी दिसली तर ती डायाकॅमा असू शकते. साधारण सेंटीमीटरभर, फोटोला फार देखणी. झाडाच्या खोडावर काळं डोकं, तांबडी छाती, काळं पोट अशी सडपातळ मुंगी म्हणजे बहुधा टेट्रापोनेरा रुफोनायग्रा. तिच्यापासून मुलांना दोन हात लांब ठेवा, तिचा डंख चांगलाच झोंबतो. या तिन्हींना १०एक्स उत्तम.

घरात साखरेच्या डब्यावर येणाऱ्या बारक्या मुंग्यांची गोष्ट वेगळी. काळपट डोकं आणि जवळजवळ पारदर्शक पोट असलेली टॅपिनोमा दीड मिलिमीटरची असते. लांब मिशांची, वेड्यासारखी सैरावैरा धावणारी पॅराट्रेकिना तीन मिलिमीटरच्या आत. यांच्यासाठी १०एक्स कमी पडते हे मान्य करतो. तुमचा सगळा भर त्यांच्यावरच असेल तर १५एक्सचा विचार होऊ शकतो. वाइड आणि मॅक्रो एकत्र असलेली जी क्लिप दोन-तीनशे रुपयांत मिळते, तिची पुढची वाइड काच फिरवून काढली की मागे साधारण याच जोराची मॅक्रो उरते. कडा धूसर, काळ्या अंगाभोवती जांभळी किनार, पण मधला भाग बरा असतो. बजेट उरलं तर दुसरी लेन्स म्हणून घ्या, पहिली म्हणून नको.

आंब्याच्या झाडावर पानं शिवून घर करणाऱ्या तांबड्या मुंग्या तुमच्याकडे असतील, किंवा सहल कोकणात जाणार असेल, तर १०० मिमीची लेन्स आठवा. या मुंग्या कडकडून चावतात आणि चावल्या जागी आम्ल सोडतात, त्यामुळे अडीच सेंटीमीटरवर हात नेणं शहाणपणाचं नाही. शिवाय त्यांची खरी गंमत एकटीच्या चेहऱ्यात नाही, पानं ओढताना एकमेकींची कंबर धरून केलेल्या साखळीत आहे, आणि त्याला रुंद फ्रेम लागते. १०० मिमीनं मुख्य कॅमेऱ्यावर सुमारे १३० मिमी रुंदी मिळते, २एक्सवर ६५. तीच लेन्स ३एक्स टेलिफोटो कॅमेऱ्यावर लावली की रुंदी पन्नासच्या खाली येते आणि तरीही तुम्ही दहा सेंटीमीटर लांब राहता. टेलिफोटो असलेल्यांना म्हणूनच मी उलटा सल्ला देतो: १०० मिमी किंवा ५० मिमी घ्या. फक्त जवळची वस्तू दिसली की काही फोन गुपचूप मुख्य कॅमेऱ्यावर उडी मारतात. टेलिफोटोच्या काचेवर बोट ठेवून बघा. चित्र काळं झालं नाही तर फोन फसवतोय.

हीच उडी १एक्सवरही त्रास देते. ज्या फोनच्या अल्ट्रावाइड, म्हणजे फार रुंद दृश्य टिपणाऱ्या, कॅमेऱ्याला ऑटोफोकस आहे ते जवळ गेल्यावर स्वतःहून त्याकडे वळतात आणि तुमची क्लिप लेन्स बाजूला राहते. आयफोनमध्ये १३ प्रो पासून असा मॅक्रो आला, दोन सेंटीमीटरवरून फोकस होणारा. असा फोन हातात असेल तर मोठ्या मुंगळ्यांसाठी लेन्स न घेताही भागेल. क्लिप लावायची तेव्हा मात्र आपोआप मॅक्रो बंद करा. अँड्रॉइडवर प्रो मोडमध्ये, म्हणजे सगळं हातानं ठरवायच्या सेटिंगमध्ये, जाऊन १एक्स निवडला की बहुधा प्रश्न मिटतो. तुमच्या फोनमधला दोन मेगापिक्सेलचा मॅक्रो सोडून द्या, बहुतेकदा त्याचा फोकस एकाच अंतरावर कायमचा बांधलेला असतो आणि सेन्सर अगदी चिमुकला. तुमचं निदान बरोबर होतं.

२००एक्सबद्दल थोडक्यात. त्या छोट्या सूक्ष्मदर्शकाला वस्तू जवळजवळ टेकवावी लागते. वाळलेल्या मुंगीचा पाय, फुलपाखराच्या पंखावरचे खवले, मिठाचे दाणे यांसाठी वर्गात मजा येईल. मैदानात नाही.

लेन्सच्या किमतीइतकीच क्लिपची चौकशी करा, कारण मी पाहिलेल्या निराशा पुष्कळदा तिथल्या असतात. आजकाल मागे मधोमध मोठा गोल कॅमेरा असलेले फोन आलेत. त्यांचा मुख्य कॅमेरा कडेपासून इतका आत असतो की साधी क्लिप पोचतच नाही. मुख्य कॅमेरा नेमका कोणता ते आधी ठरवा: कॅमेरा चालू करून एकेक काच बोटानं झाका, १एक्सवर ज्यानं अंधार होतो तो. त्याच्या मध्यापासून फोनच्या जवळच्या कडेपर्यंतचं अंतर पट्टीनं मोजा आणि क्लिपची पोच तेवढी आहे का ते विक्रेत्याला विचारा. क्लिप थोडी सरकली तरी एका बाजूला कोपरे काळे पडतात आणि तीक्ष्णपणा जातो. १७ मिमी आट्याची लेन्स बघा. हे माप चलनात आहे, त्यामुळे क्लिप तुटली तरी नुसती क्लिप बदलता येते. फोनचं कव्हर काढूनच लावा, जाड कव्हरावर लेन्स कॅमेऱ्यापासून दूर जाते.

कंपनीचं म्हणाल तर भारतात स्कायविकच्या १०एक्सच्या आणि अॅपेक्सेलच्या १०० मिमीच्या लेन्स मोबाइल मॅक्रोवाल्यांमध्ये बऱ्याच दिसतात. मी नावापेक्षा तीन गोष्टी बघतो: वर्णनात फोकल लेंथ किंवा काम करण्याचं अंतर मिलिमीटरमध्ये दिलंय का, काच आहे की प्लास्टिक, आणि परत करायची मुदत किती. नुसतं ‘सुपर एचडी मॅक्रो’ लिहिलंय आणि अंतर कुठेच नाही, तिथून पुढे जा.

दीड हजारही जास्त वाटत असतील तर आणखी एक वाट आहे. जवाहिरे वापरतात तो १०एक्सचा लूप, म्हणजे छोटं भिंग. तीन काचा जोडून केलेला मिळाला तर स्वस्त क्लिप लेन्सपेक्षा त्याचं चित्र स्वच्छ येतं, फोकल लेंथ तीच २५ मिमी. अडचण बसवण्याची. चिकटमातीनं किंवा रबर बँडनं फोनवर बसवावा लागतो, आणि तो बरोबर मध्यावर राहील याची हमी नाही. मुलांच्या गटाला एकेक देता येतो, हातात धरून नुसतं बघायलाही होतो, म्हणून शाळेसाठी मला ही कल्पना आवडते.

आता लेन्स आली असं धरू. उन्हात चकचकीत मुंगीच्या अंगावर पांढरे डाग उठतात, आणि फोनचा टॉर्च लेन्सच्या कडेला अडतो. ट्रेसिंग पेपरचा हातभर तुकडा उन्हाच्या आणि मुंगीच्या मध्ये धरायला एका मुलाला उभं करा, दुसऱ्या बाजूला पांढरा पुठ्ठा. पातळ ढगांचा दिवस असेल तर यातलं काहीच लागत नाही. प्रो मोडमध्ये शटर १/५०० च्या आसपास ठेवा. मुंगी सेकंदाला तीन सेंटीमीटर चालत असेल तर तेवढ्या वेळात ती मिलिमीटरच्या सहा शतांशाइतकी सरकते, फोटोत ते खपून जातं. १/६० वर मात्र अर्धा मिलिमीटर सरकते आणि पाय गायब होतात.

फोकस दूरवर लॉक करा आणि फोनच मागेपुढे हलवा. ऑटोफोकसच्या भरवशावर राहिलात तर तो जमिनीवरच्या खड्यावर जाऊन बसतो. फोन धरलेल्या हाताची करंगळी जमिनीला टेकवा, बर्स्ट, म्हणजे सलग फोटो काढणं, चालू ठेवा. श्वास मुंग्यांवर सोडू नका, त्या लगेच बिथरतात.

मुंगीच्या मागे धावण्यापेक्षा ती स्वतःहून थांबते तिथे जा. जास्वंदीच्या किंवा भेंडीच्या कोवळ्या शेंड्यांवर मावा ही कीड असेल तर मुंग्या त्याचा गोड रस प्यायला येतात आणि मिशांनी मावा थोपटत बराच वेळ एका जागी राहतात. तसं झाड नसेल तर पानावर गुळाच्या पाण्याचा थेंब ठेवा, मोठा नको, मुंगी बुडेल. पिणारी मुंगी डोकं हलवत नाही, चेहऱ्याचा फोटो तेव्हाच मिळतो. सकाळच्या गारव्यात त्या मंद असतात. फ्रीजमध्ये ठेवून गार केलेल्या मुंग्यांचे फोटो काही जण काढतात. मला ते पटत नाही, आणि पाय आखडलेली मुंगी जिवंत दिसतही नाही.

तुमचा हेतू नोंद ठेवण्याचा आहे म्हणून एक जास्तीची गोष्ट. ओळख पटवायला समोरून काढलेला एकच देखणा चेहरा पुरत नाही. वरून, बाजूनं आणि समोरून असे तीन फोटो हवेत, आणि त्यातला बाजूचा सगळ्यात मोलाचा. छाती आणि पोट यांच्यामधल्या बारीक कमरेवर एक गाठ आहे की दोन, हे त्यातच दिसतं. मुंगळा, डायाकॅमा, पॅराट्रेकिना यांना एक. पोट पाठीवर उचलून धमकावणाऱ्या, पत्त्यांतल्या बदामाच्या आकाराच्या पोटाच्या क्रेमॅटोगॅस्टरला दोन. बाजूच्या फोटोत मुंगीचं सगळं शरीर एकाच पातळीत येतं, त्यामुळे डेप्थचा तो अर्धा मिलिमीटरही पुरतो. आणि पाय मोजायला लावा मुलांना. आठ निघाले तर ती मुंगी नव्हे, मुंगीचं सोंग घेणारा कोळी. असे कोळी आपल्याकडे दुर्मिळ नाहीत.

लेन्स हातात आली की त्याच दिवशी गणिताच्या वहीतला आलेखाचा कागद टेबलावर ठेवून १एक्स आणि २एक्सवर एकेक फोटो घ्या. आडवे किती मिलिमीटर मावतात ते मोजा, कडेच्या रेघा किती वाकतात, कोपरे काळे आहेत का, काळ्या रेघेला जांभळी किनार आहे का ते बघा. १एक्सवर ३३ च्या जवळपास मिलिमीटर आले आणि मधला निम्मा भाग स्वच्छ असला तर ठेवून घ्या. २०-२२ च आले तर खोक्यावर काहीही छापलेलं असो, ती १५एक्सच्या आसपासची लेन्स आहे, मुदतीत परत करा.

फोनचं मॉडेल आणि पट्टीनं मोजलेलं ते कडेपर्यंतचं अंतर कळवलंत तर कोणती क्लिप पोचेल ते सांगता येईल.